पाणी घेण्यास नकार

काडीचं टोक पांढरं असतं. जिभेखाली धरली आणि पुरेशी लाळ मुरली की ते निळं होतं.

*

वाल रात्री भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. राफाएल सोलतो तेव्हा दाणा दुभंगत नाही.

*

व्हिलेज हॉलच्या जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आहेत. पियानोवर जुनी चादर आहे.

*

झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात थंड लागतं आणि हिवाळ्यात कोमट. ते बारा महिने सारखंच असतं, बदलतात ते आपले पाय. यंदा जूनमध्ये पाणी वाफ्यांत सोडायच्या खालच्या फळीच्याही खाली गेलं.

*

रकाना सात. सहकार्य केले: हो / नाही.

*

एलियट शनिवारी गांजा ओढतो. हे त्याच्या आईलाही माहीत होतं.

*

हदासाची सुरी आता बोटभर रुंद उरली आहे. नवी होती तेव्हा तीन बोटं होती.

*

गुरुवारी सकाळी सात वाजता हदासा चौथ्या वाफ्यात उतरली. उतरली म्हणायची सवय. उतरण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एरवी इथे पोटरीभर पाणी वाहायचं, त्यात हिरवा क्रेस, पाण्यात वाढणारी तिखट पालेभाजी, दाटून उभा असायचा आणि अकरा माणसं रबरी बूट घालून, कमरेत वाकून, मुठीमुठीने तो कापायची. आता खडी उघडी पडली होती. खडीवर क्रेस वाळून पापडासारखा चिकटला होता. तो दाताळ्याने ओरबाडून काढायचा, नाहीतर पाणी परत आलं की कुजतो. मालक आठवड्यातून एक सकाळ एवढंच काम देत होता. बाकीचे दिवस सरकारी मदतीवर.

साउथहॅम्प्टनहून बसने पाऊण तासावर हे गाव. गावात राफाएलचं कुटुंब सोडलं तर दुसरं कुणी मराठी बोलणारं नव्हतं, आणि दुसरं कुणी ज्यूही नव्हतं. राफाएल नवगावचा, त्याची बायको हदासा भायखळ्याची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी राफाएलने पहिल्यांदा या पाण्यात पाय घातले. पंचवीस वर्षं त्यात उभा राहिला आणि गुडघे तिथेच ठेवून आला. मग त्याच्या जागी हदासा उतरली.

एलियट शेजारच्या पट्ट्यात दाताळं ओढत होता. साठीचा, लाल मानेचा. त्याचा आजोबाही याच वाफ्यांत होता. दहा वाजता त्याने थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून पुढे केला.

"नको," हदासा म्हणाली.

"साखर नाही घातलेली."

"आज रोजा आहे."

एलियटने आभाळाकडे पाहिलं. दहा वाजताच ऊन पाठीवर इस्त्री फिरवत होतं.

"तुम्ही लोक दिवस बरोबर शोधून काढता."

"आम्ही नाही शोधत. तो येतो."

"पाणी?"

"पाणी पण नाही. रात्री तारे दिसेपर्यंत."

"तारे तर इथे दहाला दिसतात." त्याने तो चहा स्वतः प्यायला, तिच्याकडे पाठ करून. तीन वर्षं तो असाच पाठ करून पीत आला होता. "आणि आज तुझी थुंकी द्यायची आहे ना? अडीचला?"

"हो."

"मी गेल्या गुरुवारी दिली. नापास." तो हसला. "तिसरा हिस्सा कापला. आता सोमवारी सोमवारी बसने जाऊन एका पोराकडून ऐकायचं की गांजा वाईट असतो. बसचं भाडं गांजापेक्षा महाग पडतं."

*

योजना नवी होती. या भागात आधी प्रयोग, मग पुढचं पुढे. मदत घेणाऱ्या प्रत्येकाने बोलावलं की यायचं, काडी तोंडात धरायची. अंमली पदार्थ सापडले तर मदत कापायची आणि वर्गाला पाठवायचं. नकार दिला तर बारा आठवडे काहीच नाही. काम एका कंत्राटी कंपनीकडे होतं. पत्रात शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं: तारीख बदलून मिळणार नाही.

घरी राफाएल खुर्चीत पाय लांब करून वाल सोलत होता. सालं एका वाटीत, दाणे दुसऱ्या. गोळ्या चालू असल्यामुळे त्याला रोजा माफ होता आणि त्याची त्याला लाज वाटायची. हदासा घरात असली की तो पाण्याचा पेला खुर्चीखाली ठेवायचा.

"फोन करून सांग की आज जमत नाही," तो म्हणाला.

"बदलून मिळत नाही, लिहिलंय."

"मग जा. दोन मिनिटांचं काम. आपण काय घेतो? ज्याने काही घेतलंच नाही त्याला भीती कसली?"

"भीती नाही हो." हदासा बुटाची नाडी बांधत होती. वाकली की कानात शिट्टी वाजत होती. "तीन वर्षं मालकाने पगार दिला. तुम्हाला पंचवीस वर्षं दिला. कधी म्हणाला, तोंड उघड?"

"ते पगाराचं. हे फुकटचं."

"अठ्ठावीस वर्षं कर कापला तो फुकटचा होता?"

राफाएलने एक दाणा सोलला. तो दुभंगला. त्याने तो तोंडात टाकून दिला.

"संध्याकाळी लवकर ये," तो म्हणाला. "बिरडं तयार ठेवतो."

बसचा पत्ता नव्हता. ती दोन मैल चालत गेली. डांबर मऊ झालं होतं. वाटेतल्या ओढ्याच्या पुलावर ती सवयीने थांबली. खाली पाणी नव्हतं, एक ट्रॉली आडवी पडली होती. जीभ टाळूला चिकटत होती आणि सुटताना आवाज करत होती. ती तो आवाज ऐकत चालत राहिली.

*

हॉलमध्ये टेबल, लॅपटॉप, काड्यांचं खोकं. टेबलामागच्या बाईच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नाव होतं: मीनल. तिशीची. तिने यादीतलं आडनाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मराठीत विचारलं, "नवगावकर? तुम्ही मराठी आहात?"

"हो."

"अय्या. मी सांगलीची. मिस्टर साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये आहेत. आणि नाव हदासा?"

"आम्ही ज्यू. बेने इस्राएल."

"हो का? मला माहीतच नव्हतं असं काही असतं." मीनल खरंच खूश झाली होती. महिनाभर ती रोज वीस-वीस माणसांच्या तोंडात काड्या घालत होती आणि एकजणही तिच्याशी धड बोलला नव्हता. "बसा काकू. हे जिभेखाली धरायचं. चावायचं नाही. निळं झालं की संपलं."

हदासाने काडी धरली. कापूस जिभेखालच्या नाजूक जागी खरखरला. तीन मिनिटं झाली, पाच झाली. लाळ यावी म्हणून तिने कैरीची फोड डोळ्यांपुढे आणली. जबड्याच्या मागे फक्त एक कळ आली. टोक पांढरंच राहिलं.

"होतं असं कधीकधी," मीनल म्हणाली. "थोडं पाणी प्या, दहा मिनिटं थांबू, दुसरी देते." तिने कागदी पेला पुढे सरकवला.

"पाणी नाही चालत. आज आमचा रोजा आहे."

"उपास? मग पाण्याला काय झालंय काकू? पाणी चालतं की उपासाला. चहा पण चालतो. माझ्या आईचे शनिवार असतात, दिवसभर चहावर असते ती."

"आमच्यात नाही चालत."

"बरं, तोंडात घेऊन चूळ टाका."

"नको."

मीनलने तिच्याकडे पाहिलं. एका महिन्यात तिने पुष्कळ कारणं ऐकली होती. दाढ दुखते. काल रूट कॅनाल झालं. माझ्या धर्मात कापूस चालत नाही. तिच्या चेहऱ्यावरचं सांगलीचं हसू हळूहळू आत गेलं आणि पट्ट्यावरच्या फोटोतला चेहरा बाहेर आला.

दुसरी काडी पांढरी. तिसरी काडी पांढरी. तिसरी काढताना कापसाला ओठाची साल चिकटून आली आणि टोकावर एक बारीक लाल ठिपका उमटला. मीनलने तो पाहिला आणि काडी पिशवीत टाकली.

"काकू, मला लिहावं लागेल."

"जे झालं ते लिही."

हदासाने एवढंच सांगितलं. रोजा कसला, किती तासांचा, जेरुसलेमच्या पाडलेल्या मंदिरासाठी कसा, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण जिभेला आता शब्द जड होत होते. आणि दुसरंही एक होतं. ज्या पोरीला आईच्या शनिवारचं एवढं माहीत आहे, तिच्यापुढे आपला रोजा खरा आहे हे पटवत बसायचं तिच्या मनाला येईना.

*

नमुना १: अपुरा.
नमुना २: अपुरा.
नमुना ३: अपुरा.
शेरा: पाणी घेण्यास नकार. तोंड धुण्यास नकार.
रकाना सात: नाही.

*

पत्र मंगळवारी आलं. बारा आठवडे मदत बंद. सोबत दुसरा कागद होता: "मी चाचणीस नकार दिला हे मला मान्य आहे व मी वर्गास हजर राहीन." सही केली की पैसे लगेच सुरू. सही करायची नसेल तर पुढच्या गुरुवारी व्यवस्थापकासमोर हरकत मांडावी.

राफाएलने तो कागद दोनदा वाचला आणि पेन काढून टेबलावर ठेवलं.

"सही कर."

"मी नकार दिला नाही."

"मला माहीत आहे. देवाला माहीत आहे. आणखी कुणाला माहीत असायला हवंय? बारा आठवडे म्हणजे ऑक्टोबर. तोवर भाडं कोण भरणार? शिराच्या दुकानाच्या पगारात?"

"करते मी, पप्पा," शिरा म्हणाली. ती चोवीस वर्षांची, गावातल्या दुकानात काउंटरवर. मराठी तिची इथलीच. "मी एक्स्ट्रा शिफ्ट घेते. आईचा चूक नाही आहे."

"चूक कुणाची आहे ते कोण विचारतंय? सही विचारतायत."

हदासाने कागद स्वतःकडे ओढला. तिने पेन उचललं. मग पेनचं टोपण लावलं आणि ते राफाएलच्या खिशात परत ठेवलं.

"तुमच्या गुडघ्यांच्या कागदावर काय लिहिलं होतं मालकाच्या विमावाल्याने?"

राफाएलने खिशातलं पेन चाचपलं.

"लिहिलं होतं, वयामुळे. आणि तुम्ही सही केलीत. मी म्हणाले होते करू नका. तेव्हापासून जो डॉक्टर येतो तो आधी तोच कागद उघडतो. पंचवीस वर्षं पाण्यात उभे होतात हे कुठेच नाही. वयामुळे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी एक दिवस पाणी प्यायले नाही. त्याचं नाव नकार नाही. तो माझा रोजा आहे. माझ्या रोज्याला त्यांनी ठेवलेल्या नावाखाली मी सही करणार नाही."

राफाएलने गुडघे चोळले. म्हणाला, "मग काय, तांदळात वाल घालून खाऊ बारा आठवडे."

"वाल आहेत?"

"दोन किलो."

*

बुधवारी मीनल परतीच्या वाटेवर दुकानात शिरली. पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा काउंटरवर ठेवला. शिराने पट्ट्यावरचं नाव वाचलं आणि बाटली स्कॅन न करता हातात धरून ठेवली.

"तू मीनल आहेस? तू माझ्या आईला नकार लिहिलास."

मीनल गोंधळली. "तू कोण?"

"हदासा माझी आई आहे. ती एक थेंब पण नाही पिते त्या दिवशी. रात्रीपासून रात्रीपर्यंत. पंचवीस तास. टूथब्रश पण नाही. लहान होती मी, मला वाटायचं ती मरणार." शिराने बाटली खाली ठेवली. "ती दोन मैल चालली. काडी तोंडात ठेवली, तीन वेळा. नकार देणारा माणूस चालत येतो का?"

"मी तिला म्हटलं होतं पाणी चालतं म्हणून—"

"तुझ्या घरी चालतं."

मीनलने पर्स उघडली. मागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ पावाची लादी घेऊन थांबले होते. तिने बिस्किटांचे पैसे दिले. बाटली काउंटरवर तशीच राहिली.

*

त्याच आठवड्यात शनिवारी एलियटने गांजा ओढला नाही. शुक्रवारी अंधार पडल्यापासून त्याने पाणी सोडलं होतं. शनिवारी दिवसभर आईच्या बागेतल्या भिंतीचे दगड लावले आणि संध्याकाळी चार वाजता हदासाच्या दारात आला. बोलायला तोंड उघडलं तर आवाज दोन तुकड्यांत आला.

"थुंकता येत नाही," तो म्हणाला. "प्रयत्न केला. कुत्र्याने पाहिलं."

"वेडा आहेस का तू? या उन्हात?" हदासाने पेला भरून आणला. तो एका दमात प्यायला, मग आणखी एक.

"मला पाहायचं होतं. तू तीन वर्षं माझ्यासमोर करतेस आणि मी पाठ करून चहा पितो." त्याने मिशी पुसली. "बाकीच्यांना सांगितलंय. पुढच्या गुरुवारी आम्हा दहाही जणांना एकदमच बोलावलंय. कुणीच प्यायचं नाही. आदल्या रात्रीपासून."

"नाही."

"का?"

"माझा रोजा तुमचा नाही. तो कुणाला दाखवायला करत नाहीत. आणि तुला तर बरंच आहे, काडी कोरडी राहिली की गांजा सापडायचा नाही."

एलियट हसला, मग खोकला. "मी आधीच नापास आहे, बाई. कोरड्या काडीने माझा कसला फायदा? नकार लिहिला तर उरलेले दोन हिस्सेही जातील." तो उंबऱ्यावर टेकला. "आणि आम्ही रोजा करत नाही आहोत. रोजा तुझ्याकडेच राहू दे. आम्ही फक्त तहानलेले राहणार."

आतून राफाएलचा आवाज आला, "त्याला विचार, बिरडं खाणार का."

"बायकांचं काय?" हदासाने विचारलं. "मायराचं बाळ अंगावर पितं."

"मायराला पाणी प्यायला सांगितलंय. ती म्हणाली मी भांडण करायला येते."

*

गुरुवारी नऊ वाजता हॉलबाहेर दहा माणसं उभी होती. ज्यांच्या बोलण्याने एरवी वाफ्यावरचे बगळे उडायचे ती माणसं ओठ मिटून, भिंतीच्या सावलीला पाठी लावून उभी होती. मायरा बाळाला घेऊन बाकावर, हातात पाण्याची बाटली. हदासा शेवटी आली. राफाएल तिच्याबरोबर काठी टेकत आला होता. त्याने सहा महिन्यांत पहिल्यांदा एवढा रस्ता तोडला होता, आणि दर शंभर पावलांवर थांबून शिव्या देत. शिराच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

आत मीनलच्या शेजारी व्यवस्थापक बसला होता, डॅनियल नावाचा, निळ्या शर्टातला, हातात कॉफीचा मोठा कप. हदासाच्या हरकतीसाठी तो मुद्दाम आला होता आणि अकरा वाजता त्याला दुसरीकडे जायचं होतं. मीनलच्या लॅपटॉपजवळ पाण्याची नवी बाटली होती. झाकणाची पट्टी तुटलेली नव्हती.

"आधी यादी संपवू," डॅनियल म्हणाला. "मग तुमचं ऐकतो."

एलियट पहिला बसला. काडी, पांढरी. दहा मिनिटं. काडी, पांढरी. तोवर दुसरा बसला होता, तिसरा बसला होता. मीनल एकेकाला पाण्याचा पेला पुढे करत होती.

"नको," एलियट म्हणाला.

"नको, थँक्यू," दुसरा म्हणाला.

मायराची एकटीची काडी निळी झाली. ती तिने उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि बाळाला म्हणाली, "बघ, तुझी आई पास."

साडेदहाला टेबलावर पांढऱ्या काड्यांच्या पिशव्यांची रास झाली. नऊ माणसं, प्रत्येकी तीन. खोक्यात दोन काड्या उरल्या. डॅनियलने घड्याळ पाहिलं, कप खाली ठेवला.

"ही तुमची काही ठरवून केलेली गंमत आहे का?"

"गंमत कसली?" एलियट म्हणाला. त्याचा आवाज खरवडलेल्या भांड्यासारखा होता. "तुम्ही तोंड उघडा म्हणालात, उघडलं. धरा म्हणालात, धरली. सातव्या रकान्यात काय लिहिणार ते लिहा. नऊ वेळा लिहा. खाली तुमचं नाव टाका."

डॅनियलने यादी पाहिली. एका सकाळी, एका गावात, नऊ नकार. वर जाणाऱ्या तक्त्यात तो आकडा कसा दिसेल हे त्याच्या कपाळावर दिसू लागलं.

"खोकंच खराब असणार," तो मीनलला म्हणाला. "कापसात दोष. तू एक लावून बघ."

मीनलने काडी घेतली. सगळ्यांच्या देखत जिभेखाली धरली. हॉलमध्ये फक्त बाळाचा चुटूक चुटूक आवाज येत होता. पाच मिनिटांनी तिने काडी काढून टेबलावर ठेवली.

पांढरी.

"बघितलंत?" डॅनियलला हायसं वाटलं. "दोष आहे."

"शेवटची तुम्ही लावा," मीनल म्हणाली.

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्याने लावली. कॉफीने ओलं झालेलं त्याचं तोंड; एका मिनिटात टोक निळं झालं, शाईत बुडवल्यासारखं.

कुणी हसलं नाही. हसू आलं नाही म्हणून नव्हे, ओठ फुटले असते म्हणून.

"काड्या ठीक आहेत," मीनल म्हणाली. "तोंड कोरडं असलं की होत नाही. सर, मी आता नकार दिला का?"

"तू कसा देशील? तू माझ्यासमोर धरलीस."

"याही धरल्या होत्या." तिने हदासाकडे बोट केलं नाही, मान वळवली. मग इंग्रजी सोडून तिच्याशी मराठीत बोलली. "काकू, मला वाटलं उपास म्हणजे आमच्यासारखाच. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, सांगितलं. माझं चुकलं." आणि तेच पुन्हा इंग्रजीत, डॅनियलला ऐकू जाईल असं.

डॅनियल खुर्चीत मागे टेकला. "ठीक आहे. तुमची मदत सुरू करतो. तेवढं पुरे ना?"

"नाही," हदासा म्हणाली.

राफाएलने काठी घट्ट धरली.

"ते नकाराचं वाक्य काढा. आणि सातवा रकाना बदला. माझा आणि या नऊ जणांचा."

"ते आता नोंदलं गेलंय. रकाना बदलायला मला वर फोन करावा लागेल."

"करा. मी थांबते." ती समोरच्या खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवले. त्या हातांच्या पेरांना वर्षानुवर्षं थंड पाण्याने पाडलेल्या भेगा होत्या, उन्हाळ्यातही न मिटणाऱ्या. "आम्हाला वाफ्यावर पाणी नाही. आम्हाला घाई नाही."

त्याने फोन केला. त्याला थांबवून ठेवलं, गाणं वाजलं, दुसऱ्याकडे दिलं, पुन्हा गाणं वाजलं. अकरा वाजले. बारा वाजले. त्याचं दुसरीकडचं काम बुडालं. तो पलीकडच्या माणसाला समजावत होता की नाही, नकार नाही, सर्वांनी काडी धरली, हो, मी स्वतः पाहिलं, हो, स्वतः. आणि समजावता समजावता त्याचा आवाज बदलत गेला. तो आता त्यांचीच बाजू लढत होता आणि पलीकडचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता. "तुम्ही इथे नाही आहात," तो एकदा जोरात म्हणाला. एलियटने भुवया वर करून हदासाकडे पाहिलं.

पावणेएकला मीनलने लॅपटॉप हदासाकडे वळवला.

*

नमुना: अपुरा. कारण: उपवास, सतरा तास निर्जळी.
शेरा: लाभार्थी पूर्ण वेळ हजर.
रकाना सात: हो.

*

हदासाने ते बोट लावून वाचलं. पुढची नऊ नावंही वाचली. मग उठून हॉलच्या मोरीवर गेली, नळ सोडला, पेला भरला आणि सगळ्यांकडे तोंड करून प्यायली.

"आता माझी काडी द्या," ती म्हणाली.

"काड्या संपल्या," मीनल म्हणाली.

"मग तुमच्या गाडीत असतील त्या आणा. मी चाचणी द्यायला आले आहे."

डॅनियल स्वतः गेला आणि नवं खोकं घेऊन आला. चाळीस सेकंदांत टोक निळं झालं. नमुन्यात काही सापडलं नाही, सापडणार नव्हतंच. हदासा उठली तेव्हा राफाएलने काठी बगलेत धरून टाळी वाजवली, एकट्याने, सावकाश. मग एलियटने वाजवली. मग सगळ्यांनी, आणि बाळ दचकून रडायला लागलं.

नळावर झुंबड उडाली. माणसं ओंजळीने प्याली, मानेवर ओतून घेतलं, एकमेकांना ढकललं. ओठ ओले झाल्याबरोबर आवाज परत आले, आणि हॉलमागच्या झाडावरचे कावळे उडून गेले. शिराने बाकावर पातेलं उघडलं. नारळाच्या रसातलं पिवळं बिरडं, वर कोथिंबीर.

"हे काय आहे?" एलियटने विचारलं.

"वाल," राफाएल म्हणाला. "एकेक हाताने सोललाय. शनिवारी तुझ्या वाटचं राहिलं होतं. हळू खा, उपाशी पोटी जड पडतं."

"तुम्ही सोललं?"

"मग? गुडघ्यांनी कुठे सोलतात?"

डॅनियल दाराशी उभा होता, गाडीची किल्ली हातात फिरवत. मायराने त्याला कागदी पेल्यात बिरडं दिलं. त्याने उभ्याने खाल्लं आणि पुन्हा मागितलं. मीनल आत पिशव्या भरत होती. हदासाने एका ताटलीत बिरडं काढलं, दुसऱ्या हातात भरलेला पेला घेतला आणि आत गेली.

"घे. आधी पाणी पी."

मीनलने पेला दोन्ही हातांनी धरला. तो रिकामा झाला तेव्हा तिने न विचारता पुढे केला आणि हदासाने तो पुन्हा भरून आणला.

"तुझ्या आईला सांग," हदासा म्हणाली, "शनिवारी चहा कमी पी म्हणावं. पित्त होतं."

परतताना राफाएल शंभर पावलांवर थांबला नाही. पुलावर थांबला. खाली ट्रॉली अजून तिथेच होती, आणि खडीत कुठेतरी, दिसण्याएवढं नाही पण ऐकू येण्याएवढं, पाणी हलत होतं.

*

त्या गुरुवारच्या आदल्या रात्री नऊ वाजता मीनलने आपल्या स्वयंपाकघरात पाण्याचा शेवटचा पेला प्यायला आणि घड्याळ पाहिलं.